सिंगल फेजच्या लाइनीवर थ्री फेजची मोटार

परवा अमळनेर तालुक्यातून एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. पोरगा प्रवेशाच्या कॅप राऊंडमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगला लागलेला. घरात आनंद, आणि आनंदाच्या मागोमाग लॅपटॉपचा खर्च. "सर, पोऱ्या म्हनस, ॲपलनाच लेवाना शे. तुम्ही काय म्हनतस?"

किंमत विचारली. मार्च २०२५ मध्ये आलेलं मॅकबुक एअर, बाजारात आलं तेव्हा ९९,९०० रुपये. विद्यार्थ्याला दहा हजार कमी. पुढचा हिशोब त्यांनी स्वतःच करून ठेवला होता. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे पूर्ण किमतीला तेरा क्विंटल कापूस. तोही हमीभाव पदरात पडला तर. पंचेचाळीस हजारांचा साधा लॅपटॉप घेतला तरी सहा क्विंटल जातातच.

माझी बरीच वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेली, त्यामुळे जून ते ऑगस्ट फोन असाच वाजत असतो. चोपड्याहून, शिरपूरहून, शहाद्याहून. बहुतेकांचा प्रश्न कंपनीचा असतो: एचपी घेऊ, डेल घेऊ की लेनोव्हो? आता त्यात ॲपलची भर पडली आहे. प्रत्येक वेळी मला वाटतं, हा माणूस चुकीच्या दारात उभा आहे. त्यानं कॉलेजच्या दारात उभं राहायला हवं आणि कॉलेजनं त्याच्या हातात एक कागद ठेवायला हवा.

कसला कागद, ते सांगतो. विहिरीवर मोटार बसवताना आपल्याकडे कोणी मोटारीचा रंग आधी बघत नाही. आधी लाइन बघतात, थ्री फेज की सिंगल फेज. सिंगल फेजच्या लाइनीवर थ्री फेजची मोटार फिरतच नाही असं नाही. कंडेन्सर लावून, जुगाड करून फिरवतात लोक. पण ती तापते, दम धरत नाही आणि ऐन पाण्याच्या पाळीत जळते. लॅपटॉपमध्ये विंडोज, मॅक किंवा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, ही लाइन आहे आणि अभ्यासक्रमातलं सॉफ्टवेअर ही मोटार. कोणत्या मोटारी बसवायच्या आहेत हेच माहीत नसताना दुकानात उभं राहून लाइन कोणती घ्यायची हे बाप ठरवतो. खरं तर तो ठरवतच नाही. दुकानदार ठरवतो, नाहीतर पुण्याला आयटीत असलेला आतेभाऊ ठरवतो.

सिव्हिलचंच घ्या. बांधकामाचं गणित करणारं स्टाड प्रो आणि इमारतीचं मॉडेल करणारं रेव्हिट, दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण त्याची मॅकची आवृत्ती विंडोजच्या आवृत्तीची हुबेहूब जुळी बहीण नाही, आणि लॅबमध्ये सर जिथं बोट दाखवतील तिथं तो मेनू असेलच असं नाही. मेकॅनिकलचं, यंत्राचे भाग डिझाइन करणारं सॉलिडवर्क्स पुन्हा फक्त विंडोजवर. इलेक्ट्रॉनिक्सची पोरं चिप डिझाइनसाठी व्हिवाडो वापरतात. ते विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालतं, मॅकवर नाही. कॉमर्सच्या मुलीला टॅली शिकायची असेल तर सरळ विंडोज. उलट कॉम्प्युटरच्या पोराला पायथॉन, जावा, सी++ यांसाठी कुठलंही मशीन चालतं. आयफोनची ॲप बनवायची असतील तर मात्र मॅकच लागतं, कारण त्यासाठीचं एक्सकोड दुसरीकडे चालतच नाही. गणिती आकडेमोडीचं मॅटलॅब तिन्हीकडे चालतं.

ही माहिती काही गुपित नाही. ज्या प्राध्यापकाला विषय शिकवायचा आहे त्याला ती तोंडपाठ असते. तरीही माझ्या पाहण्यातल्या प्रवेशपुस्तिकांत वसतिगृहाचे फोटो असतात, गॅदरिंगचे फोटो असतात, ही दहा ओळींची यादी नसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रवेशाच्या दिवशी शाखेनुसार ही यादी छापील मिळाली पाहिजे. चार वर्षांत कोणतं सॉफ्टवेअर लागेल, ते कशावर चालतं, मेमरी किती लागते, लॅबमध्ये बसून काय भागतं आणि घरी काय लागतंच. विद्यापीठ जळगावचं असो की लोणेऱ्याचं, अभ्यासक्रम तेच ठरवतं. मग अभ्यासक्रमासोबत येणारा खर्च सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.

मागच्या एका वर्षी आमच्याकडे मेकॅनिकलला एक मुलगी आली, मॅकबुक घेऊन. मशीन देखणं, बॅटरी दिवसभर चालायची, लोडशेडिंगमध्ये वर्ग अंधारात आणि हिची स्क्रीन लख्ख. पहिलं वर्ष मजेत गेलं, कारण पहिल्या वर्षाला लॅपटॉपवर विशेष काही लागतच नाही. दुसऱ्या वर्षी सॉलिडवर्क्स आलं. जुन्या इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प लावून शेजारी विंडोज टाकता यायचं. २०२० च्या शेवटी ॲपलनं स्वतःच्या एम१ चिप्स आणल्या आणि ती वाट बंद झाली. आता मॅकच्या आत दुसरं सॉफ्टवेअर, त्याच्या आत विंडोज, त्याच्या आत सॉलिडवर्क्स. कंडेन्सर लावलेली मोटार. शेवटी ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री असाइनमेंट करायला लागली. मशीन वाईट नव्हतं आणि मुलगीही हुशार होती. घेताना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मॅकबद्दल माझ्या मनात आकस नाही. उलट पाच-सहा वर्षं न कुरकुरता चालणारं, विकताना बरी किंमत देणारं यंत्र म्हणून त्याला मान आहे. पण खान्देशात राहून दोन गोष्टी डोळ्याआड करता येत नाहीत. एक म्हणजे ऊन. मॅकबुक एअर १० ते ३५ अंशांत वापरा, असं ॲपल स्वतः सांगतं. इतर बहुतेक लॅपटॉपची मर्यादाही ३५ च्या आसपासच असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. एम१ पासूनच्या एअरला पंखाच नाही. नुसतं टायपिंग असेल तर ते गार राहतं, कारण चिप वीज कमी खाते. पण जड काम लावलं की उष्णता बाहेर टाकायला वाट नसते, मग चिप स्वतःचा वेग कमी करते. पंखेवाला लॅपटॉप तेव्हा विमानासारखा आवाज करतो, पण काम रेटतो. कुठलाही घेतला तरी उन्हाळ्यात गादीवर ठेवून वापरू नका, हे जाता जाता सांगून ठेवतो. निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार जिने चढ-उतार केले की बहुतेक लॅपटॉपची बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी बदलून देणारा कोणीतरी सापडतोच. मेमरी आठ जीबीची सोळा करायची तर अर्ध्या तासाचं काम. मॅकमध्ये मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली असते. घेतली तेवढीच शेवटपर्यंत. आता विंडोजचे बारीक, पातळ लॅपटॉपही त्याच वाटेनं चालले आहेत, म्हणून दुकानात रंग आणि वजन विचारण्याआधी "मेमरी वाढवता येते का?" हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं मॉडेल बघा.

तर मग विंडोज घ्या आणि विषय संपवा, असं कोणी म्हणेल. एवढं सोपं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. आपल्या भागात विंडोज बऱ्याचदा कसं घरात येतं, तेही बघायला हवं.

माझ्या भाच्याचा लॅपटॉप घ्यायला मी स्वतः गेलो नाही, ही माझी चूक. मेव्हण्यांनी एका दुकानातून घेतला. बिलावर "डॉस" लिहिलेलं. म्हणजे कंपनीनं त्यात विंडोज दिलेलंच नव्हतं, त्यामुळे मशीन साडेचार हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणाला, विंडोज-ऑफिस सगळं आम्ही टाकून देतो, काळजी करू नका. टाकून दिलं. क्रॅक केलेलं. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला. तीन महिन्यांनी भाच्याच्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले. तोच पेनड्राइव्ह त्यानं कॉलेजच्या लॅबमध्ये लावला आणि अख्ख्या बॅचची जर्नलं गेली. लॅब साफ करायला आम्हाला दोन दिवस लागले. मी दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "सर, सगळेच असंच घेतात." खोटं बोलत नव्हता, आणि मला चीड आली ती त्याचीच. पोरगा अठराव्या वर्षी इंजिनिअर व्हायला निघाला आणि त्याच्या पहिल्या यंत्राची सुरुवात चोरीच्या मालानं झाली. घरात कोणालाही ती चोरी वाटली नाही, कारण वस्तू हातात दिसत नव्हती.

गंमत अशी, की त्याच डॉसच्या लॅपटॉपवर कायदेशीर आणि फुकट मिळणारं लिनक्स अर्ध्या तासात बसवता आलं असतं. दुकानदाराला ते येत नव्हतं. मेव्हण्यांनी नाव ऐकलं नव्हतं. भाच्यानं ऐकलं होतं, पण "ते हॅकर लोकांचं असतं" एवढंच. शिवाय ऑफिससाठी क्रॅकची गरजच नव्हती. कॉलेजनं अधिकृत ईमेल दिला असेल तर मायक्रोसॉफ्ट विद्यार्थ्यांना ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती फुकट देतं, आणि ऑटोडेस्कही ऑटोकॅड-रेव्हिट शिक्षणासाठी वर्षाच्या परवान्यावर मोफत वापरू देतं. हेसुद्धा त्या कागदावर यायला हवं.

लिनक्सबद्दल बोलताना आमच्यासारखी माणसं जरा भक्तीत जातात, म्हणून हात आखडूनच लिहितो. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ज्याचा गाभा लिहायला घेतला, त्यावर आज जगातले बहुतेक सर्व्हर चालतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच गाभा आहे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या खिशात लिनक्स केव्हाच येऊन बसलं आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरासाठी ते उत्तमच. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट, टॅली त्यावर नीट चालत नाहीत. परीक्षेच्या वेळी स्क्रीन बंदिस्त करणारं सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर मिळतं, लिनक्सवर नाही. कॅम्पस मुलाखतीच्या ऑनलाइन चाचणीच्या सकाळी "तुमची सिस्टिम चालत नाही" असा संदेश आलेला पोरगा मी पाहिला आहे. तो शेजारच्याचा लॅपटॉप मागायला पळाला होता. अशा पोराला सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगायच्या नसतात.

म्हणून माझा व्यवहारी सल्ला असा: बहुतेक शाखांच्या पोरांनी मेमरी वाढवता येणारा, बिलावर खरं विंडोज असलेला, मध्यम किमतीचा लॅपटॉप घ्यावा आणि त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स टाकावं. कॉम्प्युटरच्या पोराला मॅक परवडत असेल तर खुशाल घ्यावा. सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरानं हौसेला आवर घालावा. स्नॅपड्रॅगन चिपचे नवे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून आले आहेत. बॅटरी झकास, पण जुन्या प्रिंटरचे, डोंगलचे ड्रायव्हर त्यावर अडतात, तेव्हा थांबून बघा. क्रोमबुक म्हणजे गूगलच्या सिस्टिमचा लॅपटॉप, त्याचं बहुतेक काम इंटरनेटवर चालतं. गावातल्या रेंजचा भरवसा असेल आणि नुसतं वाचन-लेखनच असेल तर घ्या, नाहीतर नको.

ज्याच्याकडे पंचेचाळीस हजारही नाहीत त्याचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीची किंवा त्यापुढची चिप लागते. त्यामुळे ऑफिसांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे दणकट लॅपटॉप जुन्या बाजारात पडून असतात. विंडोजच्या दृष्टीनं ते म्हातारे झाले. लिनक्सवर मात्र अजून चार वर्षं सहज जातील. बीएस्सी, बीए, बीसीए करणाऱ्या गरीब पोराला हा लॅपटॉप पुरतो. आदिवासी पट्ट्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून शिकायला येणाऱ्या मुलांना आपण मोबाइलवर असाइनमेंट टाइप करायला लावतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण इथं पुन्हा कॉलेज आडवं येतं. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिसमध्ये केलेला प्रोजेक्ट पोरगा सबमिट करायला जातो आणि क्लार्क म्हणतो, वर्डची फाइल आणा. का? काय बिघडतं? लिब्रेऑफिस वापरतं तो ओपन डॉक्युमेंट हा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक झालेला फॉरमॅट आहे. ई-गव्हर्नन्समध्ये खुली मानकं वापरायची, असं धोरण भारत सरकारनं २०१० मध्येच काढलं. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचंही, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचं, काढलं. धोरण दिल्लीत राहिलं आणि क्लार्क इथं बसला आहे. निदान पीडीएफ तरी घ्या.

आमच्या मास्तर लोकांचीही यात चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कित्येक वर्षं आम्ही सी++ शिकवलं ते टर्बो सी++ वर, म्हणजे बोरलँड कंपनीच्या डॉसच्या जमान्यातल्या सॉफ्टवेअरवर, निळ्या पडद्यावर. सी++ भाषेचं पहिलं मानक १९९८ चं, आणि आमचं सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं. आम्ही पोरांना शिकवलं: वर आयओस्ट्रीम डॉट एच लिहा, कोनिओ डॉट एच लिहा, सुरुवातीला क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. जर्नलमध्ये तसं नसेल तर लाल रेघ. एका पोरानं घरी लिनक्सवर, आजच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नव्या मानकाप्रमाणे प्रोग्राम लिहून आणला. बरोबर होता. मी त्याचा गुण कापला, कारण माझ्या मशीनवर तो चालला नाही. आज आठवलं की लाज वाटते. तो पोरगा भाषा शिकला होता आणि मी एका कंपनीच्या जुन्या खिडकीला भाषा समजत होतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की बाहेर कंपन्यांत विंडोजच वापरतात, मग तेच शिकवू. कॅडच्या बाबतीत हे खरं आहे, म्हणून वर मी विंडोज घ्या म्हटलं. पण सरसकट खरं नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीत गेलेल्या पोराला पहिल्याच दिवशी लिनक्सचा, हुकूम टाइप करून चालवायचा काळा पडदा दिसतो आणि तिथं आमचं पोरगं पुण्याच्या पोरापेक्षा मागे पडतं. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर चार वर्षांत तो पडदा कोणी दाखवलाच नाही म्हणून. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी घरोघरी गेलं. त्यानं खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांच्या हाताला माउस लागला, हे मोठंच काम झालं. पण त्याबरोबर कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि कॉम्प्युटरवर लिहिणं म्हणजे वर्ड, हेही डोक्यात पक्कं बसलं. त्याच काळात केरळनं सरकारी शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. तिथल्या काईट या सरकारी संस्थेनं शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार केली आणि मल्याळी पोरं त्यावर शिकतात. मल्याळी माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचा नाही. तिथं सरकारनं ठरवलं, इथं दुकानदारावर सोडलं.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. चांगलं झालं. पण फी माफ झालेल्या घरात आता लॅपटॉप हाच वर्षातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च होऊन बसतो. त्या खर्चातले चाळीस हजार वाया जाणार की नाहीत, हे एका पानाच्या यादीवर ठरत असेल, तर ती यादी छापायला कॉलेजला किती शाई लागते?

अमळनेरच्या त्या बापाला मी विंडोज, मॅक काहीच सांगितलं नाही. म्हटलं, दादा, उद्या पोराला घेऊन कॉलेजात जा, एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना भेटा आणि चार वर्षांत कोणकोणतं सॉफ्टवेअर लागतं ते लिहून घ्या. "असं इचारता येतं का?" हा त्यांचा प्रश्न. म्हटलं, तेरा क्विंटल कापूस आहे, का नाही विचारता येणार?

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. फीच्या पावतीच्या मागे बॉलपेननं सहा नावं लिहिलेली. त्यातलं स्टाड प्रो "स्टार प्रो" झालेलं. सरांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि पोरानं भिंतीला पावती टेकवून लिहिलं, असं दिसत होतं. सहाच्या सहा विंडोजवर चालणारी. खाली मेसेज: "सर, पोऱ्या गप व्हयना. आते मेमरी वाढस का ते इचारीसन लेतस."